लुग्ग

योतेबोरीत, बंदरापासून तीन थांबे अलीकडे
योर्डिसचं केस कापायचं दुकान.
ट्राम वळते तेव्हा आरसा थरथरतो
आणि खुर्चीतल्या माणसाचे क्षणभर दोन चेहरे होतात.
ती थांबते. एकच उरला की कात्री चालवते.

आजचं पहिलं गिऱ्हाईक तिल्डा, वय एकोणीस.
दाराशी तिची निळी बॅग, एक चाक निखळलेली,
लंगड्या कुत्र्यासारखी भिंतीला टेकून.
दुपारचं विमान, एडिंबरा, चार वर्षं.
‘लुग्ग काप,’ म्हणते,
‘भुवयांच्या वर. आईला आवडणार नाही इतका वर.’

लुग्ग म्हणजे कपाळावर आलेले केस.
लुग्गा म्हणजे ते मुठीत धरून ओढणं,
आपण झिंज्या ओढणं म्हणतो त्याची धाकटी बहीण.
आणि जाणते सांगतात
(बहुधा, म्हणतात ते; शब्दांच्या जन्मदाखल्यावर
‘बहुधा’ची सही असतेच)
की याच गोतातलं एक क्रियापद
खारट बोटींत बसून पलीकडे गेलं.
इंग्रजांनी त्यातले केस झटकून टाकले,
ओढणं तेवढं ठेवून घेतलं,
आणि जे जे फरफटत न्यावं लागतं
त्या सगळ्याला शेपूट जोडून म्हणाले: लगेज.

इथे मात्र सामानाला म्हणतात बगाश,
फ्रेंचांकडून आणलेला शब्द.
घरची गाय शेजारी बांधलेली
आणि चहाला दूध विकतचं.

योर्डिसला यातलं काही ठाऊक नाही.
तिला ठाऊक आहे आल्गोत.
सात वर्षांनी मोठा भाऊ, रोज जेवताना
टेबलावरून हात लांबवून तिचा लुग्ग ओढायचा.
रागाने नाही.
तिने बटाट्यांतून मान वर करावी म्हणून.
‘तिकडे काय आहे?’ विचारायचा, ‘इकडे मी आहे.’
त्र्याहत्तर साली तो हलला निघाला, मालवाहू जहाजावर.
धक्क्यावर ती खाली बघत उभी राहिली,
कपाळ पुढे करून.
त्याने ओढलं नाही.
दोन्ही हातांत सामान होतं.
तिचं वर बघायचं राहूनच गेलं.

पेटी परत आली, अकरा वर्षांनी, दुसऱ्याच कुणाच्या हाती.
तिच्यात आता टॉवेल असतात.
कोपरा अजून थोडा डांबराचा वास सोडतो;
गिऱ्हाइकं समजतात, नवा शाम्पू.

मी हे मराठीत लिहिते आहे, म्हणून मला फुकटात मिळालं:
आमच्यात ओढणं आणि ओढ एकाच घरचे.
बॅग ओढावी लागते, ओढ लागते,
लागायचं दोन्हीकडे आहेच.
योर्डिसच्या भाषेत ओढीला वेगळा शब्द, लेंग्तान,
त्याच्या पोटात ‘लांब’ दडून बसलंय.
तेही काही खोटं नाही.

लुग्ग डावीकडे किंचित तिरका झाला.
तिल्डाला तो तसाच हवा आहे, किंवा ती तसं म्हणते.
पैसे देते, बॅगेची मूठ दोन्ही हातांनी पकडते,
मान खाली, निखळलेल्या चाकाकडे बघत,
आता ही ट्रामपर्यंत कशी न्यायची.

योर्डिस दार उघडून धरते.
आणि मग एकसष्ट वर्षांची ती बाई, गुडघे दुखणारी,
चिमटीत धरते तो ताजा तिरका लुग्ग
आणि देते एक झटका.

‘ओय!’
तिल्डा वर बघते.

‘एक केस राहिला होता,’ योर्डिस सांगते.
खोटं आहे. सगळे केस
खाली फरशीवर पडलेत, गव्हाच्या रंगाचे,
आणि बाहेर दगडी रस्त्यावर बराच वेळ
खर्र खर्र टक्, खर्र खर्र टक्.